गेले म्हणजे कुठे

यादीभाऊंचं खरं नाव त्यांच्या दुकानाच्या पाटीवरसुद्धा नव्हतं. पाटीवर होतं 'झेरॉक्स, लॅमिनेशन, बाइंडिंग', आणि त्याखाली कोणीतरी खडूनं लिहून ठेवलेलं 'यादीभाऊ आत आहेत'. ते आत नसले तरी खडू तसाच राहायचा. हे नाव त्यांना पडलं ते त्यांच्या एकुलत्या एका गुणामुळे. बावीस वर्षं, मोठ्या निवडणुका असोत की छोट्या, या माणसानं पक्षासाठी एकच काम केलं होतं: मतदारयादी काखेत मारून दारोदार जाणं. भाषण त्यांना जमायचं नाही. घोषणा द्यायला गेले की आवाज चिरकायचा आणि पुढचे लोक मागे वळून बघायचे. पण यादीच्या बाबतीत त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं.

प्रत्येक नावापुढे ते पेन्सिलीनं एक अक्षर लिहायचे. 'आ' म्हणजे आपला. 'त' म्हणजे त्यांचा. 'डु' म्हणजे डुगडुगता, अशाकडे शेवटच्या आठवड्यात उमेदवारानं स्वतः जायचं. 'स्थ' म्हणजे स्थलांतरित. पेन्सिलच का, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, माणूस आहे, बदलतो. फक्त मेलेल्या माणसापुढचं 'मृ' ते पेनानं लिहायचे. तिथं बदलण्यासारखं काही उरलेलं नसतं, असा त्यांचा समज होता. त्यांची बायको म्हणायची, सासूचं वय विचारलं तर यांना सांगता येणार नाही, पण चार नंबरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर किती मतं आहेत ते झोपेतून उठवून विचारा.

तर अशा यादीभाऊंच्या आयुष्यात ती पोटनिवडणूक आली. खासदारांनी राजीनामा दिला आणि कुठल्याशा परदेशी नेमणुकीवर निघून गेले. मागच्या वेळी या शहरी मतदारसंघाचा निकाल एकशे सत्त्याऐंशी मतांनी लागला होता. मतदार काही लाख, आणि फरक एकशे सत्त्याऐंशी. एवढी माणसं तर एखाद्या लग्नाला न बोलावता येतात. त्यामुळे वरपासून खालपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट होती, यादी. प्रचारप्रमुख होते एक निवृत्त प्राचार्य. त्यांनी पहिल्याच बैठकीत यादीभाऊंना पुढच्या खुर्चीवर बसवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. यादीभाऊ दोन दिवस त्या खुर्चीवरून उतरले नव्हते, म्हणजे मनानं.

चार नंबरच्या इमारतीत ते गेले तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि लिफ्ट बंद होती. पाच मजल्यांची इमारत. तिसऱ्या मजल्यावर शिवणबाई राहायच्या. वय बासष्ट-त्रेसष्ट, गळ्यात मोजपट्टी, ती काढायची त्यांना आठवण राहायची नाही. अर्ध्या वस्तीच्या पोरींचे शाळेचे गणवेश त्यांच्या मशीनवरून गेले होते, यादीभाऊंच्या मुलीचेही. त्यांचे यजमान पाणीखात्यात मीटर वाचायचे, म्हणून निवृत्तीनंतरही ते मीटरवालेच राहिले. यादीत बाई 'डु' आणि मीटरवाले 'त'. बावीस वर्षांत हा 'त' एक सूतभरही हलला नव्हता.

यादीभाऊंनी नेहमीसारखं कागदातून डोकं वर न काढता विचारलं, घरात दोन मतं ना.

"एकच धरा भाऊ," बाई म्हणाल्या. "ते गेले."

"अरेरे. कधी?"

"महिना होईल आता."

"असं अचानक?"

"सकाळी चहा घेतला, कप विसळून ठेवला, आणि गेले."

यादीभाऊ म्हणाले, फार वाईट झालं. हे म्हणतानाच त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि अनुक्रमांक सहाशे चौदापुढे 'मृ' लिहिलं. बाई म्हणाल्या, आत या ना, पाच मिनिटं बसा. यादीभाऊ म्हणाले, येतो बाई, अजून दोन मजले राहिलेत. ते चौथ्या मजल्यावर पोचले तेव्हा खालचं दार बंद झाल्याचा आवाज आला. म्हणजे तोवर बाई उघड्या दारात उभ्या होत्या. पण हे त्यांना फार नंतर उमगलं. त्या वेळी ते पायऱ्या मोजत होते.

'कुठे' हा दोन अक्षरांचा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. मेलेल्या माणसाबद्दल तो कोणी विचारत नाही, हे खरं. पण माणूस मेलाय की नाही हे कळायलाच तर तो विचारावा लागतो.

आता प्रचारप्रमुखांची एक कल्पना होती. वर्षभरात ज्या घरात कोणी वारलं असेल तिथं उमेदवारानं स्वतः जायचं, दोन मिनिटं बसायचं, पांढरी फुलं आणि छापील सांत्वनपत्र द्यायचं. पत्रात नावापुरती जागा मोकळी. यादीभाऊंच्या यादीतून अशी अकरा घरं निघाली. शिवणबाईंचं सातवं.

उमेदवार होत्या दातांच्या डॉक्टर. बाई मनानं चांगल्या, पण बोलणाऱ्याच्या तोंडाकडे अशा निरखून बघायच्या की माणूस आपोआप ओठ मिटून घ्यायचा. त्या, प्रचारप्रमुख, एक कॅमेरावाला आणि यादीभाऊ असे चौघे जिना चढून वर आले. एवढ्या पावलांचा आवाज ऐकून दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्यांना सगळी इमारत खालच्या काकू म्हणायची, त्याही मागोमाग आल्या आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे आणखी दोघी.

शिवणबाई मशीनवरून उठल्या. एवढी मोठी माणसं घरी का आली हे त्यांना कळेना, पण खुर्च्यांवरची कापडं त्यांनी भराभर उचलली. डॉक्टरीणबाई त्यांच्याशेजारी बसल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "यादीभाऊंनी सांगितलं आम्हाला. ऐकून फार वाईट वाटलं."

बाईंनी यादीभाऊंकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, उलट थोडे आभारच होते. महिनाभर जे कोणाशी बोलता आलं नव्हतं ते या माणसानं कोणाला तरी सांगितलं होतं.

"अचानकच झालं का?"

"मला अचानक," बाई म्हणाल्या. "त्यांच्या मनात बरेच दिवस असणार."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. असं असतं म्हणाल्या, माणसाला आधी चाहूल लागते. मग विचारलं, त्यांना त्रास फार झाला का.

"त्यांना कसला त्रास? त्रास मागे राहतो त्याला."

दारातल्या काकूंनी डोळ्यांना पदर लावायच्या तयारीत सुस्कारा सोडला. कॅमेरावाला एक पाऊल पुढे सरकला.

"आता जिथं असतील तिथं सुखात असतील ते," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"असतीलच. दोन खोल्या आहेत. गॅलरीसुद्धा आहे म्हणतात."

डॉक्टरीणबाईंनी आजाऱ्याला थोपटावं तसा बाईंचा हात थोपटला आणि म्हणाल्या, हो, तिकडे सगळं असतं.

यादीभाऊंना कळलं. खोलीत ते त्यांना एकट्यालाच कळलं होतं, आणि दुसऱ्या क्षणाला बाईंनाही. कारण प्रचारप्रमुखांनी फुलं पुढे केली होती आणि बाईंच्या हातात पत्र होतं. त्या ते वाचत होत्या. 'आपल्या पतीच्या निधनाने' इथपर्यंत त्यांची नजर गेलेली दिसली, मग तिथंच थांबली. मग दाराकडे गेली, काकूंकडे, मागच्या दोघींकडे. मग कॅमेऱ्याकडे. आणि शेवटी यादीभाऊंकडे.

यादीभाऊंनी तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, थांबा, माझी चूक झाली. चार शब्द. चिरक्या आवाजात म्हटले असते तरी चालले असते. त्याऐवजी त्यांनी यादी उघडली आणि आठवं घर कोणतं ते बघू लागले.

बाईंनी पत्राची घडी घातली. "आलात, बरं झालं," म्हणाल्या.

गाडीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काय धीराची बाई आहे. प्रचारप्रमुख म्हणाले, यादीभाऊ, तुमची यादी म्हणजे सोनं. यादीभाऊ खिडकीतून बाहेर बघत राहिले. व्हिडिओ संध्याकाळपर्यंत साऱ्या मतदारसंघात फिरला. गॅलरीचं वाक्य कापलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच गेले. वाक्य पाठ करून गेले होते, पण दार उघडल्यावर आधी दिसले ते टेबलावरचे झाकलेले डबे. चार. प्रत्येकाचं झाकण वेगळ्या घरचं.

"बघा," बाई म्हणाल्या, "महिनाभर यांतल्या एकीनंही बेल वाजवली नव्हती. जिन्यात भेटल्या की बोलणं थांबायचं. काल संध्याकाळपासून दार लागलेलं नाही. खालच्या काकू तर दोन तास बसून गेल्या. त्या बाईनं मला कधी बसा म्हटलं नव्हतं. ते दिसत नाहीत म्हणून नुसती कुजबुज होती, आता सगळं गावीच उरकलं असणार असं यांनीच धरून टाकलं."

यादीभाऊ म्हणाले, मी आजच सगळीकडे दुरुस्ती करून टाकतो. बाईंनी मशीनच्या कडेला पडलेला दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"दुसरी कोणी असती ना भाऊ, तर सांगता तरी आलं असतं. लोकांना तेवढं समजतं. तशी कोणी नाही. पुलापलीकडे जागा घेतलीये आणि एकटेच राहतात. म्हणाले, मला शांत बसायचंय. मी काय एवढा आवाज करते? मशीनचा असतो, तेवढाच." मग म्हणाल्या, "घरातून निघताना चाळीस वर्षं 'येतो' म्हणायचे. त्या दिवशी 'जातो' म्हणाले. तेव्हाच कळायला हवं होतं मला. नाही लक्ष गेलं. मी गुंडी लावत होते कसली तरी."

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. काल त्यांनाही बोलता आलं असतं, पण तोंड उघडलं नाही. आता जे झालं ते राहू द्यावं. मतदान होऊ दे, मग त्या बहिणीकडे जाऊन राहतील काही महिने. परत येतील तेव्हा लोकांना दुसरा कोणतातरी विषय मिळालेला असेल. धोका एकच होता. मीटरवाल्यांनी जन्मात एक मत चुकवलं नव्हतं, आणि त्यांचं नाव अजून इथल्याच शाळेतल्या मतदान केंद्रावर होतं.

"त्यांना तेवढं येऊ देऊ नका," बाई म्हणाल्या.

यादीभाऊ हो म्हणाले. बावीस वर्षं त्यांनी लोकांना मताला आणलं होतं. पाय मोडलेल्यांना खुर्चीवरून आणलं होतं, रुसलेल्यांना समजावून आणलं होतं. एखाद्याला अडवायचं कसं हे त्यांना माहीतच नव्हतं. शिवाय एक गोष्ट त्यांच्या मनात उगाच डोकावून गेली, आणि ती डोकावली याचीच त्यांना पुढे सगळ्यात जास्त शरम वाटली. मीटरवाले 'त' होते. एक 'त' कमी.

पुलापलीकडच्या दोन खोल्या खरोखरच शांत होत्या. गॅलरीत एक खुर्ची, एकच. मीटरवाल्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, "या. मेलेल्याच्या घरी चहा चालेल ना?"

त्यांना शेजाऱ्यानं व्हिडिओ दाखवला होता. स्वतःचं सांत्वन त्यांनी दोनदा बघितलं होतं म्हणे, आणि डॉक्टरीणबाई बऱ्या बोलल्या असं त्यांचं मत पडलं. मग कपात साखर ढवळत, खाली बघत त्यांनी विचारलं, "ती म्हणाली का तसं? मी मेलो म्हणून?"

इथंही यादीभाऊंना संधी होती. ते म्हणाले, नाही, कार्यालयाची काहीतरी चूक झाली. माझी असं नाही म्हणाले. कार्यालयाची.

"हं," मीटरवाले म्हणाले. "मग ती काय म्हणाली?"

"काही नाही."

"ती नाहीच म्हणत काही. मशीन चालवते." मग म्हणाले, "रविवारी येतो मी मताला. मेलेली माणसं मत देतात असं ऐकत आलोय, एकदा स्वतः देऊन बघतो."

तेव्हा यादीभाऊंनी कप खाली ठेवला आणि सांगितलं, त्याचा उपयोग नाही. मृत म्हणून नोंद झाल्यावर नाव कमी होतं. तुमचं कमी झालंय. पुढच्या खेपेला अर्ज करून परत घालता येईल.

हे खोटं होतं. पक्षानं मृतांची यादी निवडणूक कार्यालयात दिली होती एवढंच. त्यावरून अधिकारी नावापुढे फक्त खूण करतात, की कोणी आलंच तर ओळख पटवून घ्यावी. नाव सहाशे चौदाव्या क्रमांकावर ठणठणीत होतं.

मीटरवाल्यांचा चेहरा उतरला. घर सोडलं तेव्हा उतरला असेल त्याहून जास्त, असं यादीभाऊंना वाटलं. पण ते मान डोलावून म्हणाले, "तुम्ही सांगताय म्हणजे नसेलच. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर शाळेत येऊन खात्री केली असती."

जिना उतरताना यादीभाऊंना हे वाक्य कोणीतरी मागून कॉलर धरावी तसं लागलं.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या वर्गात ते पक्षाचे प्रतिनिधी म्हणून सकाळपासून बसले. लहान मुलांचं बाक, गुडघे छातीशी. त्याच बाकावर शेजारी समोरच्या पक्षाचा सायकलवाला. त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान यादीभाऊंच्या दुकानासमोरच होतं आणि तो तिकडची यादी सांभाळायचा. बावीस वर्षं दोघं एकमेकांविरुद्ध एकाच बाकावर बसत आले होते आणि पाण्याची बाटली एकच आणायचे.

शिवणबाई साडेनऊला आल्या. खालच्या काकूंनी त्यांचा दंड धरला होता, जणू बाईंना दिसत नाही. मत दिलं आणि दोघी बाहेर पडल्या. यादीभाऊंनी यादीत खूण केली आणि सुटकेचा श्वास टाकला.

तीन वाजता ते पाय मोकळे करायला व्हरांड्यात आले, तर पाण्याच्या नळाशेजारच्या बाकावर बाई एकट्याच बसलेल्या. काकूंना त्यांनी गुडघा दुखतोय सांगून पुढे पाठवलं होतं. चांगले, इस्त्रीचे कपडे. गळ्यात मोजपट्टी नव्हती.

"आले होते का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाई. काळजी करू नका, येणार नाहीत." आपण काहीतरी चांगली बातमी देतोय अशा सुरात त्यांनी हे सांगितलं.

बाई फाटकाकडे बघत राहिल्या. "मी तुम्हाला म्हटलं खरं. पण मला वाटलं, हा माणूस कोणाचं ऐकून मत चुकवायचा नाही. इतक्या दिवसांत बघितलं नाही हो. बोलायचं नव्हतं मला काही. नुसतं बघायचं होतं, शर्टाला गुंड्या आहेत का ते." मग त्या समजूत घातल्यासारखं हसल्या. "नाही आले म्हणजे माझं तोंडच बघायचं नसणार. नाहीतर मत सोडणारे नव्हेत."

यादीभाऊ परत आत जाऊन बाकावर बसले.

त्यांच्या बसण्याची वेळ लिहून ठेवण्यासारखी आहे, कारण ते दीड तास बसले. बाई बाहेर, ते आत, मध्ये एक भिंत. त्या दीड तासात त्यांनी विचार केला तो बाईंचा केला असं म्हणायला आवडलं असतं. पण ते एकशे सत्त्याऐंशीचा विचार करत होते. एक 'त' आणायचा, आणि आपल्या पायानं आणायचा. प्रचारप्रमुख काय म्हणतील. पुढची खुर्ची. साडेचारला त्यांनी यादीवर बोट ठेवलं आणि ती सायकलवाल्याकडे सरकवली.

"सहाशे चौदाला घेऊन ये. पुलापलीकडे राहतो. नाव आहे, मी खोटं सांगितलं होतं म्हणावं."

सायकलवाल्यानं 'मृ' बघितलं, मग यादीभाऊंना बघितलं. "तू मला मत देतोयस?"

"तुझंच होतं."

"आजारी आहेस का?" सायकलवाल्यानं विचारलं, पण उठला. त्याच्या जागी त्यांचा दुसरा माणूस येऊन बसला. स्वतः पूल ओलांडून जायची हिंमत यादीभाऊंना झाली नाही, हेही इथंच सांगून टाकलेलं बरं.

साडेपाचला मीटरवाले सायकलवाल्याच्या स्कूटरवरून उतरले. वर्गात पाचसहा माणसांची रांग होती. अधिकाऱ्यानं नाव वाचलं, नावापुढची खूण बघितली आणि चष्म्यावरून वर बघत विचारलं, इथं मृत दाखवलंय, यांना ओळखणारं कोणी आहे का. सायकलवाला सहज बोलू शकला असता. पण तो खिडकीबाहेर बघू लागला.

यादीभाऊ उठले. बाकाला गुडघे आपटले, बाटली लवंडली. "मी ओळखतो," ते म्हणाले, आणि आवाज चिरकलाच. "हे जिवंत आहेत. मृत असं मी लिहिलं होतं. ते चुकीचं आहे."

रांगेत शेवटी खालच्या काकूंचे यजमान उभे होते. त्यांनी मीटरवाल्यांकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, अगदी सावकाश, घरी जाऊन नीट सांगता यावं असं. मीटरवाले मत देऊन बाहेर पडताना यादीभाऊंकडे वळलेसुद्धा नाहीत.

खिडकीतून नळाशेजारचं बाक दिसत होतं. मीटरवाले त्याच्यापाशी थांबले. बाईंनी आपली पिशवी बाकावरून उचलून मांडीवर घेतली, शेजारी जागा झाली. ते बसले नाहीत. मिनिटभर काहीतरी बोलणं झालं, कोण काय म्हणालं कोणाला ठाऊक. मग बाईंनी हात लांबवून त्यांच्या बाहीची गुंडी तपासली, आणि ते गेले. म्हणजे पुलापलीकडे गेले.

डॉक्टरीणबाई साडेबाराशे मतांनी निवडून आल्या. ज्या एका मतासाठी यादीभाऊ दीड तास बाकाला चिकटले होते त्याची कुठं धूळही उडाली नाही. विजयाच्या सभेत प्रचारप्रमुखांनी माइकवरून सांगितलं की हा विजय एका अचूक यादीचा आहे, आणि यादीभाऊंना उभं केलं. टाळ्या झाल्या. यादीभाऊंनी मान खाली घातली. लोक म्हणाले, किती विनम्र माणूस.

घरी बायकोनं ताट वाढता वाढता बातमी दिली. चार नंबरमध्ये डबे बंद झाले होते. खालच्या काकू म्हणत होत्या, जिवंत नवऱ्याला मारलं हो या बाईनं, चार दिवस लोकांनी विचारावं म्हणून. पत्र घेतलं, फुलं घेतली, व्हिडिओत रडली. यादीभाऊ म्हणाले, ती रडली नव्हती. बायको म्हणाली, मग तुम्ही तिथं होतात, तुम्ही काय करत होतात?

पुढच्या रविवारी सकाळी यादीभाऊ यादी घेऊन चार नंबरच्या इमारतीत शिरले. तळमजल्यापासून सुरुवात केली. प्रत्येक दारात तेच: 'मृ' मी लिहिलं, बाईंनी नाही. बाई म्हणाल्या होत्या 'गेले', मी नीट विचारलं नाही. दोष माझा आहे. पहिल्या दारातल्या गृहस्थांना वाटलं परत निवडणूक लागली. दुसऱ्या दारात विचारलं, कोणत्या बाई? तिसऱ्यात एका आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, म्हणजे मेले नाहीत. मग गेले म्हणजे कुठे?" यादीभाऊंनी खरं ते सांगितलं, खोटं सांगून झालं होतं म्हणून. पुलापलीकडे राहतात. एकटे. आजी म्हणाल्या, अगंबाई, आणि आतल्या सुनेला हाक मारली.

पहिला मजला तसाच गेला. दुसऱ्यावर खालच्या काकूंनी दार पुरतं उघडलं नाही. फटीतून म्हणाल्या, "तुमची चूक, मान्य. पण पत्र हातात घेऊन 'आलात, बरं झालं' असं कोण म्हणालं?" यादीभाऊ म्हणाले, तेही माझ्यामुळेच. काकू म्हणाल्या, सगळंच तुमच्यामुळे कसं होईल भाऊ, आणि फट मिटली.

तिसऱ्या मजल्यावर बाई दार उघडून उभ्याच होत्या. मशीन बंद होतं. खालून वर येणारा प्रत्येक शब्द जिन्यातून त्यांच्यापर्यंत पोचला असणार, इमारत तशीच होती. यादीभाऊंनी पाठ केलेलं वाक्य काढलं. बाईंनी हातानंच थांबवलं.

"ते जिवंत आहेत, हे काकूंनी सांगून झालं होतं. पण ते मला सोडून गेले, हे तळमजल्याला माहीत नव्हतं. ते तुम्ही सांगितलंत."

यादीभाऊ यादी छातीशी धरून उभे राहिले. त्यांना म्हणायचं होतं की त्यांचा हेतू चांगला होता, पण हेतूला यादीत अक्षर नव्हतं.

"वर जाताय का अजून?" बाईंनी विचारलं.

"दोन मजले राहिलेत."

"नका जाऊ. ती माणसं कोणात मिसळत नाहीत, काकूंचंही त्यांच्याशी जमत नाही. त्या दोन मजल्यांवर ते अजून मेलेलेच आहेत." आवाजात राग नव्हता, मापं सांगताना असायचा तसाच होता. "काल पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी डबा पाठवला. तेवढं राहू द्या मला."

त्यांनी दार लावून घेतलं, हळूच, आवाज न करता. थोड्या वेळानं आत मशीन सुरू झालं. यादीभाऊ वळले आणि उतरू लागले. खालच्या तिन्ही मजल्यांवर दारं उघडी होती, आणि प्रत्येक दारात माणसं बोलत उभी होती. ते जवळ आले की बोलणं थांबायचं.